टेबलाखालची चार सेकंदं

"पाच दोन," ब्रायडी टेबलाखालून म्हणाली, आणि वर कुणीच काही बोललं नाही.

एरवी कुणीतरी बोलतंच. वेलिंग्टनमध्ये जमीन हलली की माणसं आधी कासव होतात, म्हणजे गुडघे टेकतात, डोकं खाली घालतात, एका हातानं मान झाकतात आणि दुसऱ्यानं टेबलाचा पाय धरतात. आणि हलायचं थांबलं रे थांबलं की आकडे लावायला लागतात. चार सात. नाही हो, पाच. छे, चार तीनच, लांबचा होता. मग कुणीतरी फोनवर खरा आकडा बघतं, आणि ज्याचा आकडा सगळ्यांत जवळचा त्याला बाकीच्यांनी कॉफी पाजायची. ब्रायडीनं या ऑफिसात अशा किती कॉफ्या फुकट प्यायल्या होत्या त्याला गणती नव्हती. जुन्या इमारती भूकंपात उभ्या राहतील की बसतील हे मोजणं हेच तिचं काम, पण आकडा काही त्या शिक्षणातून येत नसे, तो पायांतून येई. "हिच्या तळव्यात यंत्र बसवलंय, झोपताना काढून ठेवते," असं शेजारच्या टेबलावरची सीना सगळ्यांना सांगायची. तर आजही तिनं आकडा सांगितला आणि टेबलाच्या पायाला धरून वाट बघितली. टेबलाखाली तीन जोड बूट होते. इमारतीच्या मालकाचे चिखल वाळलेले तपकिरी, साहेबांचे काळे, सीनाचे पांढरे कापडी, डाव्याची नाडी सुटलेली. सगळे शांतपणे गालिच्यावर टेकलेले. एकही गुडघा खाली आलेला नव्हता. मग वरून सीनाचा चेहरा उलटा खाली आला, कानामागचं पांढरं फूल आता खाली लोंबत होतं, आणि त्या उलट्या चेहऱ्यानं अगदी सहज विचारलं, "काय गं, पेन घरंगळलं का तुझं?"

"हो," ब्रायडी म्हणाली, आणि रिकाम्या हातानं वर आली.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला, आणि त्यातलं पाणी कापून बसवल्यासारखं स्थिर. तिनं आधी ते पाणी बघितलं, मग छतातून लोंबणारा दिवा, मग खिडकीबाहेरच्या क्रेनचा लोखंडी दोर. काहीच हललेलं नव्हतं. काही म्हणजे काहीच. मालक गृहस्थ खुर्चीत जरा मागे सरकून बसले होते. त्यांच्या इमारतीला शंभरात चौतीस गुण मिळाले आहेत, ही बातमी ब्रायडीनंच त्यांना दोन मिनिटांपूर्वी दिली होती. "म्हणजे आत्ता हललं का?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच हसले, "का हे तुमचं प्रात्यक्षिक होतं?" साहेब हसले. सीना जरा जास्तच जोरात हसली. ब्रायडीनंही हसायला तोंड उघडलं, पण तळव्यांत अजून तो थरार होता, पोटऱ्यांतून वर चढत होता, गुडघ्यांच्या वाट्यांत पाण्यासारखा हिंदकळत होता. पाच दोन. कमी नाही. तिचे पाय आजवर खोटं बोलले नव्हते.

बाथरूममध्ये जाऊन तिनं फोनवर बघितलं. गेल्या सहा तासांत देशात जाणवण्याजोगं काही झालेलं नव्हतं. खालच्या बेटाच्या पार टोकाला पहाटे एक दोन आठचा होता, तो मेंढ्यांनासुद्धा कळला नसेल. तिनं गार पाण्याखाली मनगटं धरली. आरशात कपाळावर गालिच्याची नक्षी उमटली होती, बारीक बारीक चौकोन. इतकं जोरात आपण डोकं दाबलं होतं? आणि तेव्हा, त्या चौकोनांकडे बघताना, तिला आपली लेक, राता, आठवली.

तेव्हा. टेबलाखाली जाताना नाही, वर येताना नाही, पाण्याचा ग्लास बघताना नाही. आत्ता. तिनं नळ बंद केला आणि पुन्हा सोडला, कारण नळ बंद केल्यावर फार शांत झालं.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. नवऱ्याला, रावीरीला नाही, त्याच्या आईला तर नाहीच, आणि डॉक्टरीणबाईंना सांगायला दोनदा तोंड उघडून दोन्ही वेळा झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारून ती परत आली होती. राता अकरा दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारचे दोन. ब्रायडी स्वैपाकघरात टोस्टवर खारं मार्माइट फासत होती, पलीकडच्या खोलीत पलंगाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना उशा लावून, राता झोपली होती. आठ पावलं. ती आठच आहेत हे तिनं नंतर मोजलं, नंतर कितीदा तरी मोजलं. मालगाडी यावी तसा आवाज आला, कपाटाची दारं उघडली, फेजोआच्या मुरंब्याची बरणी फरशीवर फुटली, आणि ब्रायडी टेबलाखाली होती. एका हातानं मान झाकलेली. दुसऱ्यानं टेबलाचा पाय धरलेला. पाचव्या वर्षापासून शाळेत दर महिन्याला, घंटा वाजली की, बाई ओरडल्या की, "कासव! कासव!" तिचं अंग आईबिई काही झालेलं नव्हतं, ते अजून पाच वर्षांचंच होतं, आणि त्यानं शिकवलेलं चोख केलं. एक, दोन, तीन, चार सेकंदं ती तिथं होती, मुरंब्याचा गोड वास घेत, आपलं डोकं सांभाळत, आणि तिला मूल आहे हे तिला माहीत नव्हतं. पाचव्या सेकंदाला माहीत झालं. मग ती काचांवरून रांगत गेली, गुडघ्यावर अजून वण आहे. राता झोपलेलीच होती. तोंडाचा चंबू करून, स्वप्नात दूध पीत. रावीरी धावत घरी आला आणि गुडघ्यातलं रक्त बघून म्हणाला, "बघ, काचांवरून गेलीस तू तिच्यासाठी." त्याच्या आईनं सगळ्या गोतावळ्याला ही गोष्ट सांगितली. गेल्या ख्रिसमसलासुद्धा सांगितली. दर वेळी ब्रायडी मान खाली घालून बटाटे सोलत बसली, आणि लोकांना वाटलं, पोरगी विनयाची आहे.

"घरी जा," सीना दारात उभी होती. "साहेबांना सांगते, पोट बिघडलंय म्हणून."

"मला खरंच जाणवलं गं."

"मी कुठं म्हणतेय नाही जाणवलं म्हणून?" सीनानं तिच्या खांद्यावरचा गालिच्याचा धागा उचलून झटकला. "माझी आजी सामोआत बसून इथला पाऊस सांगायची. घरी जा, चहा घे, झोप. फक्त टेकडीवर जाऊ नकोस. रावीरीनं मला मेसेज करून ठेवलाय, हिच्यावर लक्ष ठेव म्हणून. आज राताचा नव्या बालवाडीत पहिला पूर्ण दिवस ना?"

"मी घरीच जातेय," ब्रायडी म्हणाली.

आणि रस्त्यावर आल्यावर ती डावीकडे, घराकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली. वारा इतका होता की सिग्नलचा खांब गुणगुणत होता. आपण फक्त खालच्या पायवाटेवरून बघायचं, तिनं ठरवलं. झाडांतून. राताला दिसणारसुद्धा नाही. एकदा तिची लाल टोपी दिसली की परत फिरायचं. हे ठरवणं इतकं शहाणपणाचं होतं की तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग चढ लागला आणि बरं वाटणं मागं राहिलं. राताला पहिल्या बालवाडीतून काढलं होतं, कारण तिथं विटांचं धुराडं होतं. दुसरीतून काढलं, कारण ती दरडीच्या पायथ्याशी होती. दोन्ही वेळा कागदावर ब्रायडी बरोबरच होती, तिनं आकडे दाखवले होते, रावीरीलाही ते खोडता आले नव्हते. मग गेल्या आगस्टात शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला राता दारातच थांबली. साडेचार वर्षांची, हातात भेटवस्तू, आणि वर बघत विचारते, "इथं डोक्यावर काय काय पडेल?" फुगे होते वर. नुसते फुगे. त्या आठवड्यात ती जेवायला टेबलाखाली बसायला लागली. ताट खाली द्या म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी ब्रायडीकडे बघत रावीरीला सांगितलं, की भीती ही दुधातून जात नाही, बघण्यातून जाते, मूल आईच्या डोळ्यांकडे बघून ठरवतं की जग कसं आहे. तेव्हाच रावीरीनं टेकडीवरची ही बालवाडी शोधून काढली, जिला भिंतीच नाहीत. छप्पर नाही. पोरं सकाळी रबरी बूट आणि रेनकोट घालून रानात शिरतात आणि तीनला चिखल होऊन बाहेर येतात. "बघ की," तो म्हणाला होता, "पडायला काही नाहीच तिथं. तुझ्या हिशेबात शंभरपैकी शंभर." आणि काल कपडे वाळत घालताना, तिच्याकडे न बघता, "एक दिवस, ब्रायडी. तीन वाजेपर्यंत. त्या टेकडीकडे बघायचंसुद्धा नाही. तू मधेच गेलीस ना, तर तिला कळणार की रानसुद्धा भिण्यासारखं आहे. मग ती टेबलाखाली जाईल ती जाईल, आणि तिला बाहेर कोण काढणार? तू?" 'तू' म्हणताना त्यानं चिमटा लावला होता, दोरीला, पण तो तिलाच लागला.

रानाचं औषध तिलाही लिहून दिलेलं होतंच. खरोखरच्या चिठ्ठीवर, खाली सही-शिक्का: रोज अर्धा तास, झाडांत. ती चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली दीड महिना होती, आणि दीड महिना ब्रायडीनं ते औषध कडू काढ्यासारखं नाक दाबून घेतलं होतं. फोनवर तीस मिनिटं लावायची, चालायला लागायचं. झाडांत गेल्यावर कसं वाटायला हवं ते पत्रकात दिलेलं होतं, खांदे सैल, श्वास खोल, आणि ती चालता चालता खांदे तपासायची, सैल झाले का, नाही, मग जास्त भरभर चालायची. मधे मधे पायवाटेच्या वरच्या बाजूच्या मातीला रेललेल्या भिंती बघायची आणि त्यांतलं पाणी निघून जायला भोकं ठेवली आहेत का ते मोजायची. एकदा एक म्हातारा कुत्रा घेऊन समोरून आला आणि म्हणाला, "बस चुकली का काय बाई?" तिसाव्या मिनिटाला फोन वाजला की ती जिथं असेल तिथून परत फिरायची, औषध संपलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही फरक? तर ती म्हणाली, पायऱ्या चढताना धाप कमी लागते.

आता मात्र धाप लागली होती. डांबर संपलं, माती सुरू झाली, आणि वारा एकदम वर गेला. म्हणजे तो होताच, माथ्यावर मोठमोठ्यानं चालला होता, पण खाली, नेच्यांच्या झाडांखाली, दिवाणखान्यात दार लावून घेतल्यासारखं होतं. बारीक पाऊस पडत होता पण तो पानांवरच राहत होता. एक पीवाकावाका, पंख्यासारख्या शेपटीचा तो चिमणीएवढा पक्षी, तिच्या मागं लागला. माणसाच्या पायांनी किडे उडतात म्हणून तो मागं येतो हे तिला माहीत होतं. घरात शिरला तर कुणीतरी जातं, असं रावीरीची आई म्हणते हेही माहीत होतं. हे घर नव्हे, ब्रायडीनं स्वतःला सांगितलं. पक्षी पुढं गेला, फांदीवर उलटसुलट झाला, मागं आला. तिचे तळवे अजून थरथरत होते. पाच दोन. आता कुठं गेलं होतं ते? जमिनीत नव्हतं, तर मग ते आतच होतं, आणि आत असेल तर त्याला टेबल कुठलं? हा प्रश्न ऑफिसपासून तिच्याबरोबर चालत आला होता, आणि त्याच्याकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

"तीन वाजले का?"

वळणावर, पडलेल्या ओंडक्यावर, साठीची एक बाई बसली होती. विणलेली टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, समोर छोट्या बंबासारखी पत्र्याची किटली, तिच्या पोटात काटक्या पेटलेल्या. मेरेआना, बालवाडीतली. पोरं तिला फाएआ म्हणतात, इथं मावशीलाही म्हणतात आणि बाईंनाही.

"नाही," ब्रायडी म्हणाली. "बारा व्हायचेत."

"मग तू कोण? राताची आई तीनला येणार असं मला सांगितलंय."

"मी नुसती बघून..."

"बस आधी. उभ्या माणसाला बघून पोरं घाबरतात. उभं माणूस म्हणजे काहीतरी झालंय."

ब्रायडी बसली. ओंडका ओला होता, ऑफिसची पँट लगेच गार झाली. मेरेआनानं किटलीत आणखी दोन काटक्या सोडल्या आणि पत्र्याच्या पेल्यात चहा ओतून तिच्या हातात दिला, विचारलं नाही. वरच्या बाजूला झाडांमागे पोरांचे आवाज होते, बारा-पंधरा पोरांचे, आणि त्यांतून राताचा आवाज निवडायला तिचा कान इतका ताणला गेला की दुखायला लागला.

"रडली का?"

"सकाळी. पाच मिनिटं. मग डोक्यावर काय पडेल म्हणून विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"पानं, म्हटलं. कधी कधी काका नावाचा रानपोपट वरून बिया टाकतो, तो हरामखोर नेम धरून टाकतो. मग ती वर बघत बसली. पडायची वाट बघत." मेरेआना हसली. "एक पडली. खिशात ठेवलीय तिनं. तुझं काय झालंय?"

काही झालेलं नाही, असं म्हणायला ब्रायडीनं तोंड उघडलं, आणि त्यातून ते बाहेर आलं. कसं, तिला कळलं नाही. कदाचित या बाईला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं म्हणून, कदाचित चहा फार गोड होता म्हणून. सगळं उलट्या क्रमानं आलं, आजचा ग्लास, पाणी, सीनाचं फूल, मग मुरंबा, मग चार सेकंदं. "मी विसरले होते तिला," ती म्हणाली. "घाबरून काही सुचलं नाही असं नाही. ती नव्हतीच. माझ्या डोक्यात ती जन्मलीच नव्हती. आणि आजही तसंच."

मेरेआनानं टोपी मागं सारून कपाळ खाजवलं. "माझा तिसरा," ती म्हणाली, "तो मी दुकानात ठेवून आले होते. ट्रॉलीत. घरी येऊन बटाटे काढले, साबण काढला, चहा टाकला. दूध सापडेना. दूध कुठं राहिलं म्हणून आठवायला गेले, तर ते पोराच्या मांडीवर ठेवलं होतं."

"मग?" ब्रायडीनं विचारलं.

"आता सदतीसचा आहे. दर वाढदिवसाला मला दुधाची बाटली देतो, नालायक. तुझी तर चारच सेकंदं. त्यात तर माझ्या ट्रॉलीचं चाकसुद्धा वळलं नसतं."

हसावं की काय करावं ते ब्रायडीला कळेना, आणि तेवढ्यात नेच्यांतून लाल टोपी आली. सगळं अंग चिखलाचं. राता थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, ब्रायडीला पाठ असलेलं, भुवया किंचित वर, डोळे आईच्या डोळ्यांत, तपासत. जग कसं आहे? ब्रायडीनं चहाच्या पेल्यात बघितलं.

"काय झालं?" राता म्हणाली. "तीन वाजले?"

"नाही गं. तुला बघायला आले."

"बघितलंस?"

"हो."

"मग आता बसायचंय आम्हाला. आपापल्या जागेवर. मोठी माणसं आली तर त्यांनी पण बसायचं असतं, हो ना, फाएआ? बोलायचं नाही. फोन नाही. फाएआ काठ्या वाजवेपर्यंत हलायचं नाही, हललं तर तो पंखेवाला पक्षी सगळ्यांना सांगतो." ती आईचं बोट धरून वर घेऊन गेली, एका जुन्या झाडाशी, ज्याची मुळं जमिनीवर गुडघ्यांसारखी वर आली होती. "ही जागा कुणाची नाही. तू घे. माझी ती तिकडं." आणि वीसेक पावलांवरच्या झाडाशी जाऊन ती बसली, पाठ टेकून, पाय पसरून, एकटी.

वीस. ब्रायडीनं मोजलं, आणि आठात आणि विसात किती सेकंदांचा फरक पडतो तेही. मग ऐकायला लागली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आधी सगळा एकच गोंगाट होता, कानातल्या रक्तासकट. मग हळूहळू, आपण काही न करता, तो सुटा होत गेला. वरचा वारा. खालून कुठून तरी पाण्याचा बारीक ठिबका. टुई पक्ष्याच्या त्या दोन सुरेल हाका आणि मधेच दाराची बिजागरी करकरल्यासारखी खरखर. कुजक्या पानांचा वास येत होता, आणि त्यात मिरीसारखं काहीतरी तिखट. एक किडा तिच्या बुटाच्या शिवणीवरून चालला होता, प्रत्येक टाक्यापाशी थांबत. किती वेळ झाला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला जाणवलं की हे मघापासून मनात आलं नव्हतं.

आणि ते परत आलं. तळव्यांतून, सकाळसारखंच. पोटऱ्या, वाट्या, मांड्या, पाठीमागचं झाड आतून गुरगुरल्यासारखं. आलं, ती मनाशी म्हणाली, आलं माझं. अंग लगेच गोळा व्हायला लागलं, मान खाली, हात टेबलाचा पाय शोधत बाजूला गेला आणि मुळावर पडला, ओल्या, खडबडीत, मनगटाएवढ्या मुळावर, आणि त्यानं ते घट्ट धरलं. इथं टेबल नव्हतं. इथं कासव झाले तर पोरं बघतील. राता बघेल. हे माझ्यातलंच आहे, ती स्वतःला म्हणाली, जमिनीला याचा पत्ता नाही, ग्लासातल्या पाण्याला याचा पत्ता नाही, तर माझं मला होऊ दे. पण या वेळी, निदान या वेळी, तिच्याकडे बघ. तिनं मान वर ओढली, एखादं जड झाकण उचलावं तशी, आणि लाल टोपीवर डोळे ठेवले. टोपी हलत होती. नेच्यांची टोकं हलत होती, सगळी एका लयीत, वाऱ्यात हलतात तशी नव्हेत. आपली नजरच डोलतेय, तिला वाटलं. ठिबका थांबला होता, पक्षी थांबले होते, ते सगळं ती ऐकत होती आणि त्याचा अर्थ लावत नव्हती. एक. दोन. तीन. चार. चारवर ती आहे. पाच, ती आहे. टोपी डाव्या डोळ्यावर उतरली. सहा. रातानं एक हात झाडाला लावला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि वर तोंड करून जीभ बाहेर काढली. नऊ. दहा. ब्रायडीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण पापणी लवू न देता ती बघत राहिली. अकराला ते ओसरलं, जसं आलं तसं, पायांतून खाली.

"तीन नऊ!" डावीकडून कुणीतरी किंचाळलं.

"सहा!"

"शंभर! फाएआ, शंभर होता!"

"शंभर असता तर तू माझ्या मांडीवर येऊन पडला असतास, गप," मेरेआना खालून ओरडली. "कुणी पडलं का? नाही? मग आकडे एकेकानं!"

"चार चार!" ही राता होती.

ब्रायडीचा हात अजून मुळावर होता. बोटं सुटत नव्हती, त्यांना ती एकेक करून सोडवावी लागली. पोरं रानभर आकडे ओरडत होती. खरा होता तो. जमीन हलली होती, झाडं हलली होती, वेलिंग्टनभर माणसं टेबलांखाली गेली असतील, तो चौतीस गुणांच्या इमारतीचा मालक गेला असेल, आणि ती इथं उघड्यावर बसून होती आणि तिला तिचा आकडा माहीत नव्हता.

राता धावत आली. चेहरा पुन्हा तसाच, भुवया वर, डोळे आईच्या डोळ्यांत. या वेळी बघायला पेला नव्हता. ब्रायडीनं तिला बघू दिलं, रडलेलं, चिखलाचं, जे होतं ते.

"आई, तुझा किती?"

"लावलाच नाही मी."

"का? तू तर नेहमी जिंकतेस."

"मी तुझ्याकडे बघत होते."

रातानं डोळे बारीक केले. "मग सांग, मी काय करत होते?"

"झाडावर हात ठेवला होतास. उजवा. टोपी डोळ्यावर आली होती."

"आणि?"

"आणि जीभ बाहेर काढली होतीस."

"ते पाऊस प्यायला," राता म्हणाली. पटलं तिला. खिशात हात घालून तिनं एक बी काढली, अर्धी कुरतडलेली, दाखवली आणि परत ठेवली. "आता तू जा. तीनला ये. आम्हाला अजून जेवायचंय."

ब्रायडी उठली. ओंडक्यापाशी मेरेआनानं तिचा राहिलेला चहा ओतून टाकला आणि नुसती मान हलवली. पायवाटेवर वरच्या बाजूची भिंत होतीच, तिची भोकं ब्रायडीनं जाता जाता मोजली, सात, एक बुजलेलं. वळणावर तिनं मागं बघितलं. टोपी दिसत नव्हती. परत जावं असं पायांनी दोनदा म्हटलं. फोन खिशात मघापासून थडथडत होता. सीनाचा मेसेज, हा खरा होता हं, बोल आकडा, साहेब चार दोन म्हणतायत. आणि त्याच्यावरून रावीरीचा फोन.

"कुठं आहेस? टेबलाखाली?"

"नाही."

"तुम्हाला जाणवला का तिथं जोरात? मी बालवाडीला फोन लावतोय, लागत नाहीये. तू घाबरू नकोस हं, राता..."

"राता बरी आहे."

"तुला काय माहीत?"

पावसाचा एक मोठा थेंब पानावरून मानेवर पडला, नेमका.

"बघितलं मी तिला," ती म्हणाली. "सुरू झाल्यापासून संपेपर्यंत."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागं त्याच्या कारखान्यातली माणसं आकडे लावत होती. "तू गेलीस तिथं," तो शेवटी म्हणाला.

"गेले. आणि तिला तिथंच ठेवून खाली उतरतेय."

"खरं?"

"रावीरी, मला तुला एक सांगायचंय. मुरंब्याच्या बरणीचं. फोनवर नको. रात्री आईंना यायला सांगू नकोस."

"बरं," तो म्हणाला, जरा घाबरून. मग, "ब्रायडी, तीनला तू आणशील की मी जाऊ? तीनला अजून वेळ आहे खूप."

"दोन तास बावीस मिनिटं," ती म्हणाली. "मीच आणेन." आणि हाताला लागलेली मुळाची माती न झटकता ती चालत राहिली, खाली.